सानियाच्या घरामागचा बैल

मी शिकवायची इंग्रजी, पण तेल्हारा तालुक्यातल्या त्या गावात माझं नाव पडलं 'ढोरायच्या मॅडम'. गेल्या वर्षी निवृत्त होऊन अमरावतीला घरी आले, तरी तिकडचं कोणी एस.टी. स्टँडवर भेटलं की सोबतच्याला ओळख करून देतं, "ह्या आपल्या ढोरायच्या मॅडम." सोबतचा माणूस मला जनावरांची डॉक्टर समजतो. मीही आता खुलासा करत बसत नाही.

नाव पडायचं कारण माझी शिकवायची पद्धत. जिल्हा परिषदेच्या शाळेतली तिसरी-चौथीची मुलं. घरी कोणी इंग्रजी बोलत नाही, रस्त्यावर ऐकू येत नाही. पुस्तकातल्या पहिल्याच धड्यात विमानतळ. मुलं त्या चित्राकडे कोरी नजर लावून बसायची. एक दिवस खिडकीतून एका बकरीनं आत मान घातली आणि सगळा वर्ग जागा झाला. मी पुस्तक मिटलं आणि फळ्यावर लिहिलं, 'द गोट इज इन द विंडो'. त्या दिवसापासून माझं सगळं व्याकरण जनावरांवर चालू झालं. जनावराचं नाव म्हणजे नाम. ते जे करतं ते क्रियापद. म्हैस बसते, माकड उडी मारतं, गाढव काहीच करत नाही, उभं राहतं, तेही क्रियापदच. खाटेवर, खाटेखाली, खाटेमागे अशी मांजर फिरवली की शब्दयोगी अव्ययं संपली.

सगळ्यात अवघड म्हणजे 'अ' आणि 'द'. आपल्या भाषेत ही भानगडच नाही. आपण नुसतं 'कुत्रं आलं' म्हणतो. ते कुठलं, हे ऐकणाऱ्यानं समजून घ्यायचं. मी मुलांना सांगायची, अनोळखी कुत्रं पहिल्यांदा दिसलं की 'अ डॉग'. तेच कुत्रं पुढच्या वाक्यात आलं की ओळख झाली, आता ते 'द डॉग'. आणि आपल्या घरचं असेल तर 'अवर डॉग'. खिचडीच्या वासानं रोज शाळेत येणाऱ्या कुत्र्यावर आम्ही हा नियम पक्का केला.

गावाला हे पटलं नव्हतं. पहिल्याच महिन्यात एक आजोबा काठी टेकत वर्गाच्या दारात उभे राहिले. म्हणाले, "मॅडम, नातू सायब व्हावा म्हनून शाळेत धाडला. तुमी त्याले बकरी शिकवून राहिल्या. बकरी त त्याले येते." मी त्यांना आत बोलावून बसवलं, नातवाकडून चार वाक्यं म्हणवून घेतली. आजोबांनी ऐकलं, मान हलवली आणि जाताना मुख्याध्यापकांना विचारलं, "ह्या बाईची बदली कोन्या कारनानं झाली होती?" आमच्या केंद्रप्रमुखांनी एकदा व्हरांड्यात बांधलेली शेळी पाहिली तेव्हा त्यांना वाटलं, मी शाळेच्या आवारात दुधाचा जोडधंदा करते. शेळी शब्दयोगी अव्ययांसाठी आणली आहे हे सांगितल्यावर त्यांचा संशय वाढलाच.

खरा घोळ मात्र मुलांच्या वाक्यांनी केला. मी रोज घरच्या जनावरांवर एकेक वाक्य करून आणायला सांगायची. चौथीतल्या एका मुलानं मोठ्यानं सांगितलं, 'माय अंकल हॅज थ्री गोट्स'. वर्गात त्याचा चुलत भाऊ, दुसऱ्या काकाचा मुलगा, बसला होता. काकांनी भावांत वाटणी करताना दोनच बकऱ्या दाखवल्या होत्या. तिसरी सासुरवाडीला ठेवली होती. संध्याकाळपर्यंत दोन घरांत भांडण. दुसऱ्या दिवशी नळावर बाया बोलू लागल्या की मॅडम इंग्रजीच्या नावानं पोट्ट्यायकडून घरातलं काढून घेते. काही आयांनी मुलांना ताकीद दिली, "शाळेत कुत्र्यावरच बोलजो. आपल्या घरच्या ढोरायचं नाव घेऊ नको." त्यानंतर काही दिवस माझ्या वर्गात फक्त कुत्रीच कुत्री होती.

हे सगळं हसण्यावारी गेलं. पुढचं गेलं नाही.

तिसरीत दोन मुली एकमेकींना चिकटून बसायच्या, वेदिका आणि सानिया. वेदिका वासुदेवरावांची नात. वासुदेवराव गावातले जुने, शब्दाला वजन असलेले शेतकरी. सानिया रहीमचाचांची मुलगी. रहीमचाचा नालबंद, म्हणजे बैलांच्या खुरांना लोखंडी नाल ठोकणारे. त्यांच्या घरामागे बाभळीखाली मोकळी जागा होती. तिथं बैलाला दोरानं अलगद पाडायचं, पाय बांधायचे आणि पातळ नाल खिळ्यांनी बसवायची. ट्रॅक्टर आले तरी आमच्याकडे कापसाच्या दिवसांत बैलगाड्या डांबरी रस्त्यावर येतात, आणि नाल नसली तर खूर झिजून बैल लंगडतो. त्यामुळे वेचणी सुरू झाली की चाचांच्या घरामागे आसपासच्या गावांचे बैल उभे असायचे. रोज वेगळे. सानियाचं वाक्य रोज तयार असायचं, 'अ न्यू बुल इज इन अवर हाउस'.

अशाच वेचणीच्या दिवसांत एका सकाळी वासुदेवरावांचा सर्जा गोठ्यातून नाहीसा झाला. पांढराशुभ्र, नुकताच बाजारातून आणलेला बैल. वेदिका रडवेल्या डोळ्यांनी शाळेत आली. त्या दिवशी 'अ' आणि 'द' ची उजळणी होती. मुलांची वाक्यं मोबाईलवर टिपून पालकांच्या ग्रुपवर टाकायची माझी रीत होती. लेकरू इंग्रजी बोलताना दिसलं की घरच्यांचा विश्वास बसतो, म्हणून. वेदिकाची पाळी आली. ती उभी राहिली आणि नीट म्हणाली, "आय सी अ व्हाइट बुल. द बुल इज बिहाइंड सानियाज हाउस."

दोन्ही वाक्यं बिनचूक होती. मी खूश होऊन व्हिडिओ ग्रुपवर टाकला.

दुपारी खिचडीच्या वेळेला मुख्याध्यापकांनी मला बोलावून त्यांचा फोन दाखवला. वेदिकाच्या काकानं, नितीननं, तो व्हिडिओ आपल्या स्टेटसला लावला होता. त्यात पहिलं वाक्य नव्हतं. वेदिका एवढंच म्हणत होती, "द बुल इज बिहाइंड सानियाज हाउस." खाली नितीननं लिहिलं होतं, 'लहान लेकरू खोटं बोलत नाही'.

संध्याकाळी शाळा सुटून मी निघाले तोवर ग्रामपंचायतीसमोर माणसं जमली होती. मध्ये रहीमचाचा उभे. पन्नाशीचा, खांद्यानं रुंद माणूस, पण त्या दिवशी अंग चोरून उभा होता. समोर नितीन, आणि ओट्यावर वासुदेवराव बसलेले. पोलीस पाटीलही आले होते.

"घर उघडं आहे, भाऊ," चाचा म्हणत होते. "मागचं आंगन उघडं आहे. जाऊन पाहून घ्या."

"पाह्यलं आमी," नितीन म्हणाला. "तिथं काहीच नाई."

"मंग?"

"मंग काय? सकाळी होता अन् आता नाई. काढून देला."

"सकाळी होता तो बाजूच्या खंडाळ्याच्या माणसाचा बैल होता. नाल ठोकली, घेऊन गेला. त्याले फोन लावा."

पोलीस पाटलांनी खरंच फोन लावला. खंडाळ्याच्या माणसानं सांगितलं, हो, पांढरा बैल माझाच होता, आता गोठ्यात आहे. पाटलांनी ते सगळ्यांना सांगितलं. गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "त्याले अगोदरच सांगून ठेवलं असन." अंगण रिकामं निघालं तर माल काढून दिला, साक्षीदारानं दुजोरा दिला तर तो सामील. रहीमचाचांजवळ दाखवायला अजून काय उरलं होतं, मला कळेना. बैल विकत घेणारी माणसं कोण, ती रात्री कुठल्या रस्त्यानं येतात, अशी कुजबुज मागे सुरूच होती. गेली कित्येक वर्षं ज्यांच्या हाती बैलाचे पाय दिले, त्या माणसाकडे लोक प्रथमच पाहिल्यासारखे पाहत होते.

मी पुढे झाले. म्हटलं, "व्हिडिओ मी काढला आहे. पूर्ण ऐका."

मी माझ्या फोनवर आवाज मोठा करून दोन्ही वाक्यं ऐकवली. मग समजावून सांगितलं, की 'अ' म्हणजे कुठला तरी, अनोळखी. आपल्या घरचा बैल असता तर ही मुलगी 'अ' म्हणालीच नसती. बोलताना माझ्याच लक्षात आलं की मी शाळेत उभी नाही. मुलं हा फरक खिचडीच्या कुत्र्यावर शिकली होती. मोठ्यांनी तो कशावर शिकावा?

"मॅडम," नितीन म्हणाला, "एका अक्षरावर आमी भरवसा ठेवाव काय? आमी घरी तिले मराठीत इचारलं. म्हटलं, सानियाच्या घरामागं बैल पाह्यला काय? तिनं हो म्हटलं."

"कुठला बैल, ते विचारलं का?"

त्यानं हात झटकला. मग म्हणाला, "बैल म्हटल्यावर बैल. अजून काय इचारायचं?"

वासुदेवरावांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. "पोट्टीले बोलवा."

वेदिकाला आणलं. एवढी माणसं पाहून ती आजोबांच्या गुडघ्याला बिलगली. वासुदेवरावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून विचारलं, "बेटा, तू पाह्यलेला बैल आपला सर्जा होता काय?"

"नाई, आबाजी. मले बी वाटलं सर्जा हाय म्हनून मी जवळ जाऊन पाह्यलं. त्याचं शिंग तुटलेलं होतं. म्हनून त मी अ म्हटलं. आपला असता त अवर म्हटलं असतं."

मला वाटलं, संपलं. गर्दीतले दोन-चार जण हसलेसुद्धा. पण नितीन म्हणाला, "आबाजी, पोट्टी मॅडमनं शिकवलं तेच बोलून राहिली. सकाळपासून वर्गात यायच्याच जवळ होती. अन् सानिया हिची दोस्त. दोस्तीपायी बोलते."

आणि सगळ्यांच्या नजरा रहीमचाचांवरून माझ्याकडे वळल्या. लोकांच्या मनात जुन्या गोष्टी जाग्या होताना मला दिसत होत्या. तिसऱ्या बकरीचं भांडण लावणारी बाई. बाहेरगावची. पोरांना हवं ते बोलायला शिकवणारी. मागून एक बाई म्हणाल्या, "ह्यायले काहून एवढा पुळका?" दुपारपर्यंत लहान लेकरू खोटं बोलत नव्हतं. संध्याकाळी तेच लेकरू पढवलेलं ठरलं.

वासुदेवराव उठले. पोलीस पाटलांना म्हणाले, "तक्रार आजच लिहू नका. ढोरायचा बाजार होऊ द्या. बाजारात चौकशी करतो." त्यांच्यापुढे कोणी बोललं नाही. चाचांच्या अंगाला कोणी हात लावला नाही तो एवढ्यामुळेच. त्यांनी चाचांवर विश्वास ठेवला म्हणून थांबवलं, की नुसती घाई टाळली, हे मला आजही सांगता येणार नाही. जाताना त्यांनी चाचांकडे पाहिलं नव्हतं.

बाजारापर्यंतचे दिवस फार वाईट गेले. रहीमचाचांच्या घरामागची जागा ओस पडली. ऐन वेचणीत बैल लंगडायला लागले तरी लोक गाडी दुसऱ्या गावच्या नालबंदाकडे वळवायचे. वर्गात सानियाच्या बाकाच्या आजूबाजूची मुलं हळूहळू सरकली. कोणी कोणाला सांगितलं नाही, पण रोज थोडी जागा वाढत गेली. वेदिकाला घरून ताकीद होती. ती पुढच्या बाकावर बसायची आणि वळून वळून मागे पाहायची. मी सानियाला वाक्य विचारलं की ती उभी राहायची आणि जमिनीकडे बघत म्हणायची, "आय हॅव नो सेंटेन्स, मॅडम." एवढं नकारार्थी वाक्य मी तिला शिकवलं नव्हतं. ते तिनं स्वतःच जुळवलं होतं.

माझीही नजर बिघडली. शाळेच्या फाटकाशी पालक हसून बोलले तरी मला वाटायचं, मघाशी हे काय बोलत होते? ग्रुपमधून कोणी बाहेर पडलं की मी नाव पाहायची. मुख्याध्यापकांनी "काही दिवस पुस्तकच शिकवा" असं सुचवलं, तेव्हा त्यांना कोणी भेटून गेलं असेल याचा मी दिवसभर विचार केला. नितीनला मी रस्त्यात अडवून विचारलं, "पहिलं वाक्य तुम्ही का कापलं?"

तो म्हणाला, "कापलं नाई, मॅडम. व्हिडिओ लांब होता. स्टेटसले मावत नव्हता."

हे खरंही असेल. तो व्हिडिओ वेदिकाआधीच्या मुलांपासून सुरू होत होता, लांब होताच. पण शेंडी कापायची की बुडखा, हे फोननं ठरवलं की माणसानं, ते तोच जाणे.

बाजाराच्या दिवशी दुपारी बातमी आली. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावचा माणूस बाजारात वासुदेवरावांना शोधत होता. सर्जा मुळात त्याचाच. दलालामार्फत सौदा झालेला, त्यामुळे घेणाऱ्याचं नाव तेवढं त्याला ठाऊक, नंबर नव्हता. एके दिवशी उजाडताना बैल आपणहून चालत जुन्या दारात येऊन उभा राहिला होता. विकलेली जनावरं कधी कधी अशी परत जातात. रानातून, नाले ओलांडून, वास घेत. त्या माणसानं त्याला चारापाणी केलं आणि बाजाराची वाट पाहिली. त्याला काय माहीत, इकडे काय चाललं आहे.

सर्जा टेम्पोतून परत आला. सगळं गाव पाहायला गेलं. कोणी त्याला गूळ भरवला, कोणी त्याच्या हुशारीचं कौतुक केलं. गोठ्यात दावं तुटलेलं नव्हतं, म्हणजे बैल गेला त्या रात्री ते कोणीतरी सैल बांधलं होतं. ते कोणी, हे मात्र कोणी विचारलं नाही. रहीमचाचांच्या घराकडेही कोणी गेलं नाही. उलट मी बसची वाट पाहत उभी होते तेव्हा शेजारचे दोघं बोलत होते. एक म्हणाला, "बैल आपोआप गेला कशावरून? भेव वाटलं म्हनून तिकडं नेऊन सोडला असन." दुसऱ्यानं मान डोलावली.

इतकं चालून सर्जाचे खूर पार झिजले होते. तो लंगडत होता. दोन दिवसांनी शाळेत जाताना मी पाहिलं, वासुदेवराव स्वतः त्याला धरून रहीमचाचांच्या घराकडे निघाले होते. गडी बरोबर नाही, नितीन नाही. रस्त्यावरच्या दारादारांत माणसं उभी. मीही थांबले.

चाचांनी बैलाकडे पाहिलं आणि दोर आणला. दोघांनी मिळून सर्जाला पाडलं. चाचांनी एकेक खूर हातात घेऊन साफ केला, कड घासली, नाल बसवली. हातोडीच्या आवाजाखेरीज तिथं काही नव्हतं. बैल उठून उभा राहिला, पाय टेकवत नीट चालला. वासुदेवराव म्हणाले, "रहीम, पोट्टे चुकले. मनात ठेवू नको."

"नाई ठेवत," चाचा म्हणाले. "बैल आणत जा. मी नाल ठोकत जाईन."

एवढ्या गावात रहीमचाचांशी त्या प्रकाराबद्दल बोलणारा तो एकच माणूस. मला त्याचं बरं वाटलं. वाटलं, आता बाकं पुन्हा जवळ येतील.

त्याच आठवड्यात सानिया यायची बंद झाली. मी शाळा सुटल्यावर त्यांच्या घरी गेले. चाचांनी खाट टाकली, बायकोनं चहा ठेवला. सानियाला अकोटला तिच्या खालाकडे, म्हणजे मावशीकडे, पाठवलं होतं, तिथल्या शाळेत नाव घालणार होते. मी खूप बोलले. म्हटलं, इंग्रजीत ती वर्गात पहिली आहे. बैल सापडला, आता कोण काय म्हणणार? वासुदेवराव स्वतः आले होते.

चाचांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मॅडम, तुमी भल्या आहात. तुमी एकल्याच उभ्या राहिल्या, ते मी भुलनार नाई. पन वेदिका वासुदेवरावची नात. तिचं बोलनं अर्धं कापलं, तरी तिच्या केसाले धक्का लागला नाई. माह्या पोरीचं वाक्य कोनी असं कापलं, त आमचं काय होईन?" चहाचा कप माझ्यापुढे सरकवत ते म्हणाले, "ती आता घरात बी तोलून बोलते. पानी मागताना बी इचार करते. लेकराले असं पाहवत नाई."

चहा घेऊन मी उठले.

ग्रुपवर व्हिडिओ टाकणं मी त्यानंतर बंद केलं. जनावरं मात्र सोडली नाहीत. मुख्याध्यापकांना सांगितलं, पुस्तकही शिकवीन आणि म्हशीही शिकवीन. पुढच्या आठवड्यात 'इज' आणि 'वॉज' घेतलं. बकरी कुठे आहे, काल कुठे होती. मुलं भराभर सांगत होती. कोणाची मांजर चुलीमागे होती, आता छपरावर आहे. कोणाचं वासरू लहान होतं, आता मोठं आहे.

वेदिका हात वर न करताच उभी राहिली. म्हणाली, "सानिया वॉज हिअर. सानिया इज माय फ्रेंड."

एक मुलगा म्हणाला, "मॅडम, सानिया जनावर आहे काय? ढोरावरच वाक्य करायचं आहे ना?" कोणी हसलं नाही. वेदिका तशीच उभी होती.

"मॅडम," तिनं विचारलं, "एकात वॉज अन् एकात इज. असं चालते काय?"

"चालतं," मी म्हटलं. "बस खाली."